सलूनपर्यंत दोनशे बारा पावलं

सत्तेचाळिसाव्या वर्षी बाई कॉलेजात जायला लागली म्हटल्यावर लोक आधी हसतात, मग विचारतात, "कशाला?" आणि तिनं "वार्धक्यशास्त्र" असं सांगितलं की पुन्हा हसतात. शेजारणीनं तर तोंडावरच विचारलं होतं, "म्हातारं व्हायला शिकावं लागतं होय? आम्ही तर आपोआपच होतोय!" उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. कॉलेजवाल्या बाईनं पिशवीत वही टाकली, पाण्याची बाटली टाकली आणि गेली.

वर्गात बावीस जण होते. त्यातले एकवीस जण विशी-बाविशीतले, आणि बाविसावी ही. पोरापोरींनी पहिल्याच दिवशी तिला काकू करून टाकलं. आपणही काकूच म्हणू. तिला आवडत असे ते.

त्याआधी अठरा वर्षं काकू बुटांच्या दुकानात होती. गिऱ्हाईक खुर्चीत, ही समोर बुटक्या स्टुलावर, हातात पाय मोजायची पट्टी. तरुण माणसं आरशात बघून बूट घेतात, पण म्हातारी माणसं गप्पा मारून घेतात हे तिला तिथंच कळलं. काही जणांना बूट नकोच असायचे. पाय पुढं करून अर्धा तास बसायचं, गुडघ्याचं रडगाणं गायचं, परदेशातल्या नातवाचा फोटो दाखवायचा, आणि "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून उठायचं. मालक करवादायचा. काकू मात्र पुढच्या महिन्याची वाट बघायची. मग दुकान बंद पडलं. शेवटच्या दिवशी एक आजी आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आता माझ्या पायाला कोण गं हात लावणार?" काकू घरी आली, जेवली नाही, आणि चार दिवसांनी तिनं या पदविकेचा अर्ज भरला.

अर्ज भरताना शिक्षणाच्या रकान्यात 'पदवी अपूर्ण' असं लिहावं लागलं, ते तिला फार लागलं. शेवटच्या वर्षाला असताना लग्न झालं, मग पोरगी झाली, आणि ती परीक्षा राहिली ती राहिलीच. पोरगी शिकली, नोकरीला लागली, दूर गेली. नवऱ्याची सर्टिफिकेटं कपाटात एका फायलीत, पोरीची दुसऱ्या फायलीत. काकूच्या नावानं पदवी म्हणावी असा एक कागद घरात असेल तर शपथ. म्हणून ही पदविका तिला हवी होती. त्यात ज्येष्ठांच्या दिवसकेंद्राच्या संचालिकेनं तिथल्या प्रॅक्टिकलमधलं तिचं काम बघून शब्द दिला होता, "पास झालात की एक तारखेपासून या." पास झालात की! काकूचा सगळा जीव त्या तीन शब्दांत अडकला होता.

शिकवायला ज्या बाई होत्या, त्या स्वतः एकाहत्तर वर्षांच्या. पूर्वी मोठ्या दवाखान्यात मुख्य परिचारिका होत्या, आणि आवाज अजून वॉर्डातलाच होता. बाईंचा मंत्र दोन शब्दांचा होता, "हात मागे!" म्हातारं माणूस काही करत असेल तर आपले हात पाठीमागे बांधायचे. ते बटण लावतंय? लावू दे. दहा मिनिटं लागतील? लागू देत. तुम्हाला घाई असेल तर दुसरा धंदा बघा.

काकूचे हात म्हणजे शिवशिवते हात. कुणी पेला उचलायच्या आत ही तो उचलून हातात देणार. पहिल्या महिन्यात बाईंनी तिला एवढ्यांदा 'हात मागे' ऐकवलं, की शेवटी पोरं कोरसमध्ये म्हणायला लागली.

मग एके दिवशी बाईंनी सगळ्यांना म्हातारं केलं. म्हणजे असं, की चष्म्याच्या काचांना व्हॅसलीन फासलं, कानात कापूस घातला, हातात दोन-दोन मोजे चढवले आणि बुटांत कडक वाटाणे टाकले. "आता शर्ट घाला, बटणं लावा, आणि या गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा." पोरं हसत होती. काकूची पाळी आली. तिनं शर्ट घातला आणि पहिल्या बटणाशी झटायला लागली. बटण सापडायचं तर काज हरवायचं. चारेक मिनिटं गेली असतील. तिला वाटलं, आता जमणार, अगदी जमणारच, आणि तेवढ्यात शेजारची एक गोड पोरगी पुढं आली, "थांबा हो काकू" म्हणाली, आणि टकाटक सगळी बटणं लावून मोकळी झाली.

"सोड मला!" काकू ओरडली. कानात कापूस, त्यामुळं आवाज किती चढला ते तिचं तिला कळलं नाही. ती पोरगी दोन पावलं मागं सरली. काकूच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं होतं, आणि त्या पाण्यातनं तिला एकदम घर दिसलं. घरातले बाबा दिसले.

बाबा म्हणजे तिचे सासरे. वय एक्याऐंशी. चौतीस वर्षं पेन्शनच्या कचेरीत शिपाई होते, साहेबाच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसलेले. तब्येतीची तपासणी व्हायला, दाखले घ्यायला किती माणसं त्या दारातून आत जाताना त्यांनी बघितली, गणतीच नाही. त्यावरून त्यांचं एक ठाम मत झालं होतं, की साहेबासमोर धट्टाकट्टा गेलास की मेलास. "एक गडी आला, आजारपणाची पेन्शन मागायला, दोन-दोन पायऱ्या चढत. फाईल परत. पुढच्या वर्षी तोच काठी टेकत, कण्हत आला. सही! मी दारातनं सगळं बघत होतो." हे ते जेवताना, चहा पिताना, पेपर वाचताना, कधीही सांगत.

दोन वर्षांपूर्वी बाबा घरातच पडले. मनगट मोडलं. मनगट सहा आठवड्यांत जुळलं, पण घरानं जी धास्ती घेतली ती काही जाईना. दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. नवरा सकाळी दाढी करून द्यायला लागला. काकू मोजे घालून द्यायची, भाकरीचे तुकडे करून द्यायची, केस कापायला सलूनवाल्याला घरी बोलवायची. सुरुवातीला बाबा म्हणाले होते, "जमेल गं मला." तीन दिवस म्हणाले, चार दिवस म्हणाले. मग म्हणेनासे झाले, आणि मुकाट्यानं पाय पुढं करायला लागले. काकूला वाटायचं, चला, किती समाधानी आहेत.

"नेमकी बटणं लावत होते मी त्यांची," त्या दिवशी काकू बाईंना म्हणाली, "दोन वर्षं!" बाई म्हणाल्या, "मग लाग कामाला. घरची केस घे."

घरची केस म्हणजे या अभ्यासक्रमाचं मुख्य प्रॅक्टिकल. निम्मे गुण त्यालाच. एक ज्येष्ठ माणूस निवडायचं. त्यानं सोडून दिलेलं एक काम बारा आठवड्यांत त्याचं त्याला परत करता यावं असं बघायचं. रोजची नोंद ठेवायची, आणि शेवटी बाहेरचा परीक्षक घरी येऊन डोळ्यांनी खात्री करून जाणार. काकूनं झटक्यात लिहून टाकलं, 'काम: स्वतः बूट घालणे.' पाय आणि बूट, तिचा हातखंडाच की. बाईंनी कागद परत केला. "त्यांना विचारलंस?"

नव्हतं विचारलं. मग विचारलं. बाबांनी दोन दिवस उत्तरच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पेपरच्या आडून म्हणाले, "सलूनमध्ये जायचंय. एकट्यानं."

"पण तो घरी येतो की बाबा!"

"घरी येतो नि कापून जातो. घरी आलेला न्हावी गप्पा मारत नाही. आणि मला नंबर लावून बसायचंय. माझ्याआधी दोघं पाहिजेत."

काकूनं लिहिलं, 'काम: एकट्यानं सलूनमध्ये जाऊन येणे.' तिनं स्वतः चालून मोजलं. जिन्याच्या चौदा पायऱ्या, मग फुटपाथनं दोनशे बारा पावलं. रस्ता ओलांडायचा नाही, सलून त्याच बाजूला होतं.

सगळ्यात आधी तिनं बाबांचे पाय मोजले. संध्याकाळी मोजले, कारण दिवसभरानं पाय सुजतात हे तिला दुकानापासून ठाऊक. आणि मग त्यांच्या घरातल्या चपला हातात घेतल्या, आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. चपला एक नंबर मोठ्या होत्या. तिनंच आणलेल्या. अठरा वर्षं ती म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना एक नंबर मोठंच द्यायची. "जरा सैलच बरी आजोबा, सुटसुटीत!" आणि पुस्तकात तर स्पष्ट लिहिलं होतं, सैल चप्पल आणि मागं पट्टा नाही, की पाय अडखळलाच म्हणून समजा. बाबा पडले ते याच चपलांत. इतके दिवस सगळे फरशीला दोष देत होते.

तिनं ते बाबांना सांगितलं, खाली मान घालून. बाबांनी चप्पल उलटीपालटी करून बघितली. "म्हणजे तुमचं दुकान बंद पडलं ते लोकांच्या नशिबानंच म्हणायचं," ते म्हणाले आणि गदगदून हसले. काकूला हसू येईना. तिनं वहीत 'पडण्याचे कारण' या रकान्यात जे खरं होतं ते लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी मागं पट्टा असलेले, बरोबर मापाचे, हलके बूट घेऊन आली. ते बाबांनी स्वतः घातले. अकरा मिनिटं लागली. काकू पाठीमागं हात बांधून उभी होती, आणि एका हाताची नखं दुसऱ्या हातात रुतली होती.

बारा आठवडे कसे गेले ते सांगत बसलो तर वही भरेल, आणि तिनं खरंच दोन भरल्या. पहिल्या आठवड्यात जिन्याच्या तीन पायऱ्या. मग सात. मग फाटक. चौथ्या आठवड्यात नवरा कुरकुरला, "अगं, पुन्हा पडले म्हणजे? तुझी परीक्षा, नि हाडं माझ्या बापाची!" त्या दिवशी घरात धुसफूस झाली. पण बाबाच आतून ओरडले, "हाडं माझी आहेत! तू तुझी सांभाळ!" सहाव्या आठवड्यात ते पहिल्यांदा सलूनपर्यंत पोचले, काकू दहा पावलं मागं. नवव्या आठवड्यात काकू फाटकाशीच थांबली. बाबा एकटे गेले, आणि पाऊण तासानं केस कापून, अंगाला पावडरीचा वास घेऊन, सगळ्या गल्लीच्या भानगडी ऐकून परत आले. बारावा आठवडा संपेपर्यंत ते अकरा वेळा जाऊन आले होते. एवढे केस कुणाच्याच डोक्यावर नसतात. निम्म्या वेळा ते नुसतेच नंबर लावून बसत, आणि नंबर आला की मागच्याला पुढं सोडत.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, "साहेब किती वाजता येणार?"

"तीन वाजता."

"तू काळजी करू नकोस. मी सांभाळतो."

काकूला इतकं भरून आलं, की ती नुसती हसली. काय सांभाळणार, ते विचारायचं मात्र राहून गेलं. तिथंच तर घोडं पेंड खात होतं.

परीक्षक तिशी-पस्तिशीचा होता. खांद्याला बॅग, कपाळावर घाम, चेहऱ्यावर 'आज अजून दोन घरं आहेत' असा भाव. काकू त्याला खाली फाटकापासून घेऊन आली, आणि आतल्या खोलीत पाऊल टाकलं तर काय! बाबा पलंगावर आडवे. गळ्यापर्यंत पांघरूण, एवढ्या उकाड्यात गळ्याला मफलर, डोळे अर्धवट मिटलेले. सकाळी घोटून दाढी केलेला माणूस दुपारी तीन वाजता शेवटच्या घटका मोजत होता.

"कसे आहात आजोबा?" परीक्षकानं विचारलं.

"आहे... अजून."

"पाय कसे आहेत?"

"पायांचं नावच काढू नका साहेब. पाय संपले."

परीक्षकानं हातातल्या रिपोर्टकडं बघितलं. "इथं तर लिहिलंय, तुम्ही सलूनमध्ये एकटे जाता. अकरा वेळा गेलात."

"कोण, मी?" बाबा केविलवाणं कण्हले. "मला आता चौघं उचलून नेतील तेव्हाच बाहेर पडायचं."

काय चाललंय ते काकूला कळलं तेव्हा हसावं की रडावं तेच कळेना. चौतीस वर्षं साहेबाच्या दाराशी बसलेला माणूस! त्याच्या हिशोबी सुनेला पास करायचं तर एकच रीत, माणूस जितका आजारी तितकी सही लवकर. करायला गेला बिचारा भलं! परीक्षकाची भुवई वर चढली. ती भुवई काय म्हणत होती ते उघड होतं. बाईनं घरात बसून बारा आठवड्यांच्या नोंदी खोट्या लिहिल्या.

तेवढ्यात बाबांनी तिला बोटानं जवळ बोलावलं आणि कानाशी कुजबुजले. त्यांना ऐकायला जरा कमी येतं, त्यामुळं त्यांची कुजबुज जिन्यापर्यंत जाते. "तू मधे बोलू नकोस. जमत आलंय सगळं. आता जरा डोळे पुसायला लाग."

परीक्षकाला खोकला आला. काकूनं कपाळाला हात लावला, आणि मग सगळं सांगून टाकलं, ती कचेरी, ते स्टूल, तो काठी टेकणारा गडी. "साहेब, हे माझ्यासाठी करताहेत. त्यांना वाटतंय, आजारी माणूस दाखवला की मी पास होते."

"असेलही," परीक्षक म्हणाला. वाईट नव्हता तो, नियमाचा होता. "पण मला ते चालताना दिसायला हवेत. सलून राहू दे. आजोबा, नुसते जिन्यापर्यंत या."

बाबांनी पांघरूण दूर केलं नाही. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. आपण सांभाळायला गेलो आणि पार मातेरं केलं, हे त्यांना आता कळलं होतं. एक्याऐंशीव्या वर्षी, परक्या माणसासमोर, खोटं बोलताना पकडले गेले होते ते. आणि आता तोच माणूस म्हणत होता, उठा, चालून दाखवा. त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. "परवाच केस कापलेत," ते म्हणाले. "आज नको."

काकूला पक्कं ठाऊक होतं, आपण नुसतं 'बाबा, माझ्यासाठी' म्हटलं तर हा माणूस आत्ता उठेल. लाज गिळेल, मफलर काढेल, जिन्यापर्यंत जाऊन येईल. पदविका, दिवसकेंद्र, एक तारीख, सगळं त्या दोन शब्दांवर होतं. ते शब्द ओठांपर्यंत आले. आणि मग तिला आठवलं, की या घरात दोन वर्षं या माणसाचं 'नको' कुणी ऐकलंच नव्हतं.

"साहेब, ते नको म्हणताहेत," काकू म्हणाली.

"मग मला 'पडताळणी झाली नाही' असं लिहावं लागेल."

"लिहा."

त्यानं लिहिलं. काकू त्याला फाटकापर्यंत सोडून आली, स्वयंपाकघरात गेली, नळ मोठा सोडला आणि रडली. चांगली हमसून रडली. बाबांचा राग आला होता का? आला होता, खोटं कशाला बोला! पण त्याहून जास्त, ती भिंतीकडं वळलेली पाठ तिला बघवली नव्हती. मग तिनं तोंड धुतलं, दोन कप चहा केला आणि आतल्या खोलीत गेली.

पलंग रिकामा. मफलर उशीवर. बाबांचा मोबाईल टेबलावर. दाराशी बूट नव्हते.

चौदा पायऱ्या काकू कशी उतरली, देव जाणे. फाटक, फुटपाथ, सलून. सलूनवाला कुणाच्या तरी गालाला फेस लावत होता. "काका ना? मघाशीच गेले की वहिनी. मला हात केला. त्या बॅगवाल्या माणसाच्या मागं, बसथांब्याकडं."

बसथांबा रस्त्याच्या पलीकडं. दोन वर्षांत बाबांनी रस्ता ओलांडलेला नव्हता. "पोराला पाठवू का?" सलूनवाल्यानं विचारलं. "धावत जाऊन आणेल."

"कसे चालत होते?"

"कसे म्हणजे? तणतणत!"

काकूचा एक पाय थांब्याकडं निघाला होता. तो तिनं मागं घेतला. "नको," ती म्हणाली. "येतील ते." आणि घरी परत आली. घरी येऊन स्टुलावर बसली, उठली, परत बसली. चहावर साय धरली.

अर्ध्या तासानं फोन वाजला. बाई होत्या, आणि बाई हसत होत्या. "अगं, तुझा सासरा काय माणूस आहे! परीक्षक बसच्या रांगेत उभा, तर हे मागनं जाऊन हजर. म्हणाले, 'पडताळणी करायची होती ना? करा! तुमच्या हुकमानं नाही चाललो, माझ्या मर्जीनं आलोय.' त्यानं तिथनंच मला फोन केला, बाई आता काय लिहू? म्हटलं, डोळ्यांनी जे बघितलंस ते लिही. पास आहेस तू, घोड्ये!"

पास. लग्नानंतर पहिल्यांदाच. काकूनं तो शब्द ऐकला आणि विचारलं, "बाई, पण बाबा कुठं आहेत?"

"म्हणजे? आले नाहीत? त्याची बस तर केव्हाच गेली."

"नाही आले."

बाई वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या, "उजेड आहे अजून. पाणी पी."

काकू पाणी प्यायली. घड्याळाकडं बघितलं. पाच वाजले, सव्वापाच झाले. रस्त्यात कुठं पडले असतील तर? चक्कर आली असेल तर? तीन वेळा तिनं चपला पायात घातल्या आणि तीन वेळा काढल्या. एकदा नवऱ्याचा नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आत बंद केला. पास झाल्याचा आनंद कुठल्या कुठं पळाला होता. बारा आठवड्यांत जे नाही ते या एका तासात तिला कळलं, की म्हाताऱ्या माणसाला मोकळं सोडायचं तर घरी बसलेल्याच्या काळजाचं पाणी पाणी होतं. हे पुस्तकात नव्हतं.

साडेपाचला जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी, मधे एक विश्रांती. काकू दाराशी गेली नाही. बसल्या जागी तिनं चौदा मोजल्या.

बाबा आत आले. घामाघूम, केस विस्कटलेले, शर्टाची एक बाही धुळीनं माखलेली. खुर्चीवर बसले आणि वाकून बुटाचा पट्टा सोडायला लागले.

"बाबा, पास झाले मी," काकू म्हणाली.

"मग? होणारच होतीस." त्यांनी दुसरा पट्टा सोडला. "मी मधे लुडबुडलो म्हणून जरा उशीर झाला."

"आणि एवढा वेळ कुठं होतात?"

"होतो."

"होतो म्हणजे?"

"म्हणजे सांगणार नाही." बाबांनी मान वर केली. शाळा बुडवून आलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता त्यांचा. "सूनबाई, दोन वर्षं झाली, मी संडासात किती वेळ बसतो तेसुद्धा या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. आज तासभर मी कुठं होतो, ते कुणालाही ठाऊक नाही!"

काकूला हसूही येत होतं आणि रडूही येत होतं, आणि तिनं दोन्ही एकदमच केलं. मग उठून तिनं गार झालेला चहा ओतून दिला आणि नवा ठेवला.

सात वाजता नवरा आला. बायको पास झाल्याचं ऐकून त्यानं आधी शिट्टी वाजवली, मग कोपऱ्यातले धुळीचे बूट बघितले. "बाबा बाहेर गेले होते? कुठं?"

"मला काय माहीत," काकू म्हणाली. "त्यांनाच विचारा."

पेपरच्या आडून बाबांचं हसू ऐकू आलं.